स्टार्च पचतो, मग सेल्युलोज का पचत नाही? (कर्बोदकांची रचना)

परीक्षानळी (धागालेखिका)

आहाराच्या चर्चेत 'कार्ब्स' हा शब्द सतत येतो आणि जवळजवळ नेहमी वजन, कॅलरी, पथ्य यांच्याच संदर्भात येतो. ती चर्चा हवीच. पण हे रेणू असतात कसे, एकमेकांना जोडले कसे जातात, याबद्दल क्वचितच कोणी बोलतं, आणि ते कळल्याशिवाय त्या चर्चेतले बरेच प्रश्न अधांतरी राहतात. म्हणून हा धागा फक्त रसायनशास्त्रासाठी काढतेय. विषय शाळेतच सुटला असेल तरी हरकत नाही, पहिल्यापासून जाऊ.

कर्बोदकांत मुख्य मूलद्रव्यं तीनच: कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. बहुतेकांमध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं प्रमाण पाण्यात असतं तेच, दोनास एक. ग्लुकोजमध्ये कार्बनचे ६ अणू, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६. पण नुसत्या या प्रमाणावरून ओळख पटत नाही. व्हिनेगरमधल्या असेटिक आम्लात २ कार्बन, ४ हायड्रोजन, २ ऑक्सिजन असतात. प्रमाण तेच, तरी ते कर्बोदक नव्हे. उलट डीएनएमधल्या डीऑक्सिरायबोजमध्ये ५ कार्बन, १० हायड्रोजन आणि ४च ऑक्सिजन. हिशेब जुळत नाही, तरी ते कर्बोदकच.

खरी ओळख पटते ती अणुगटांवरून. कार्बनची साखळी, तिच्यातल्या एका कार्बनवर अल्डिहाइड किंवा कीटोन गट, आणि उरलेल्या बहुतेक कार्बनांवर एकेक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. दुहेरी बंधाचा ऑक्सिजन टोकाच्या कार्बनवर असेल तर अल्डिहाइड, मधल्या कार्बनवर असेल तर कीटोन. ग्लुकोज पहिल्या प्रकारचं, फ्रुक्टोज दुसऱ्या. दोन्हींत अणूंची संख्या अगदी सारखी, ६-१२-६, तरी गोडी वेगळी आणि शरीरातली वाटही वेगळी. या एकेकट्या रेणूंना एकशर्करा म्हणतात. असे रेणू जोडून जे तयार होतात, म्हणजे साखर, स्टार्च, सेल्युलोज, तेही कर्बोदकांतच मोजायचे.

आता ज्या गोष्टीसाठी हा धागा काढला ती. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज घ्या. दोन्हींत अल्डिहाइड, दोन्हींत हायड्रॉक्सिल गट त्याच कार्बनांवर. कागदावर कोणता अणू कोणाला जोडलाय याची यादी केली तर दोन्ही याद्या शब्दशः सारख्या निघतात. फरक एवढाच की चौथ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट एकात एका बाजूला आहे, दुसऱ्यात विरुद्ध बाजूला. एवढ्या फरकामुळे शरीराला गॅलॅक्टोज सरळ वापरता येत नाही. ते आधी काही एन्झाइमांच्या मदतीने, मुख्यतः यकृतात, ग्लुकोजच्या मार्गावर आणावं लागतं. त्यांतलं एखादं एन्झाइम जन्मतः नसलं की गॅलॅक्टोसेमिया हा आजार होतो. तान्ह्या बाळाला साधं दूधही घातक ठरतं, कारण दुधातल्या लॅक्टोजमधला निम्मा भाग गॅलॅक्टोजचा असतो.

ग्लुकोजच्या सरळ साखळीत असे चार कार्बन आहेत, ज्यांच्यावरच्या गटांना दोन दिशा शक्य आहेत. २ गुणिले २ गुणिले २ गुणिले २, म्हणजे १६ वेगवेगळे रेणू, सगळ्यांचं सूत्र एकच. त्यातले आठ दुसऱ्या आठांची आरशातली प्रतिबिंबं, डावा हात आणि उजवा हात असतात तशी. निसर्गात त्यातलं एक, डी-ग्लुकोज, बाकी सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं.

कर्बोदकांचं सगळं रसायनशास्त्र मला या एका मुद्द्याभोवती फिरताना दिसतं: काय जोडलंय याइतकंच, कोणत्या दिशेला जोडलंय हे महत्त्वाचं. शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तरही तेच आहे. पण त्याआधी ग्लुकोजचं वलय समजून घ्यावं लागेल. कोणाला प्रश्न असतील तर विचारा, त्या ओघात पुढे जाऊ.

तळ्यातमळ्यात

वाचतेय. गॅलॅक्टोजचं उदाहरण फार आवडलं. पुढचं लवकर लिहा.

भिंगरी

माझा जुना गोंधळ आहे तो आधी विचारते. पुस्तकात एका पानावर ग्लुकोज सरळ उभी साखळी म्हणून काढलेलं असतं, दुसऱ्या पानावर षटकोन. यातलं खरं कोणतं?

परीक्षानळी

@भिंगरी, दोन्ही खरी, पण पाण्यात षटकोनच जवळजवळ सगळा असतो. साखळी लवचिक असते. पाचव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट वळून पहिल्या कार्बनवरच्या अल्डिहाइडपाशी येतो आणि त्याच्याशी बंध करतो. पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं सहा अणूंचं वलय तयार होतं. षटकोनाचा सहावा कोपरा ऑक्सिजनचा असतो, कार्बनचा नाही, हे आकृती काढताना पुष्कळ जण विसरतात. सहावा कार्बन वलयाच्या बाहेर लोंबत राहतो. साखरेच्या रेणूंची ही वलयं सिद्ध करण्यात नॉर्मन हॅवर्थ यांचं काम मोठं, त्यांना १९३७ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं (पॉल कारर यांच्यासोबत).

वलय मिटताना एक नवी गोष्ट घडते. पहिल्या कार्बनवर आता नवा हायड्रॉक्सिल गट येतो, आणि त्यालाही दोन दिशा शक्य असतात. नेहमीच्या आकृतीत तो वलयाच्या खाली आला तर अल्फा-ग्लुकोज, वर आला तर बीटा-ग्लुकोज.

ही नुसती कागदावरची कल्पना नाही, मोजून दाखवता येते. शुद्ध अल्फा-ग्लुकोज पाण्यात विरघळवून त्यातून ध्रुवित प्रकाश (एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश) सोडला तर त्याचं प्रतल उजवीकडे वळतं, विशिष्ट वलन सुमारे ११२ अंश. शुद्ध बीटा घेतलं तर सुमारे १९ अंश. दोन्ही द्रावणं तशीच ठेवून पुन्हा मोजत राहा. पहिल्याचा आकडा उतरत जातो, दुसऱ्याचा चढत जातो, आणि दोन्ही ५२.७ अंशांच्या आसपास येऊन थांबतात. कारण वलय उघडतं, पुन्हा मिटतं, मिटताना कधी अल्फा होतं, कधी बीटा. शेवटी साधारण ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा असा समतोल साधतो. उघडी साखळी कोणत्याही क्षणी एक टक्क्याहूनही खूप कमी. बीटाचं पारडं जड का? वलय सपाट नसतं, खुर्चीसारखं दुमडलेलं असतं, आणि बीटा-ग्लुकोजमध्ये सगळे मोठे गट बाहेरच्या बाजूला पसरतात, एकमेकांना अडत नाहीत. वरच्या १६ रेणूंपैकी फक्त ग्लुकोजलाच (आणि त्याच्या प्रतिबिंबाला) सगळे गट असे बाहेर पसरता येतात. ते इतकं स्थिर असण्याचं कारण इथे आहे.

अर्धविराम

दिशांचा विषय निघालाच आहे तर एमिल फिशर यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे जातात हे व्हॅन्ट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्ये वेगवेगळं मांडलं. त्या विचाराच्या आधारावर फिशर यांनी १८९१ मध्ये ग्लुकोजमधल्या प्रत्येक गटाची दिशा ठरवली. त्या काळी क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता, रेणू पाहण्याचं कोणतंच साधन नव्हतं. एका शर्करेत एक कार्बन वाढवायचा, दुसरीची दोन्ही टोकं ऑक्सिडेशनने सारखी करायची, मग द्रावण प्रकाश वळवतं की नाही ते पाहायचं. वळवत नसेल तर रेणू सममित आहे, म्हणजे अमुक रचना बाद. असं एकेक करत सोळांपैकी नेमक्या एका रचनेपर्यंत ते पोचले. मला हे रसायनशास्त्रातलं सर्वात देखणं तर्ककाम वाटतं. १९०२ चं नोबेल त्यांना मिळालं त्यात शर्करांच्या कामाचा मोठा वाटा होता.

एक गोष्ट मात्र त्यांच्या हातात नव्हती. अख्खी रचना आणि तिचं आरशातलं प्रतिबिंब यांतलं निसर्गातलं ग्लुकोज कोणतं, हे त्या प्रयोगांतून कळणं शक्यच नव्हतं. फिशर यांनी दोनांपैकी एक बाजू गृहीत धरली आणि बाकी सगळं तिच्या आधारे मांडलं. १९५१ मध्ये बायफूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचा क्ष-किरणांनी अभ्यास केला तेव्हा निरपेक्ष दिशा पहिल्यांदा समजली. गृहीतक बरोबर होतं. चुकीचं निघालं असतं तर तोवर छापलेली प्रत्येक आकृती उलटी करावी लागली असती.

परीक्षानळी

@अर्धविराम, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. मी विद्यार्थ्यांना फिशर प्रक्षेप (रेणूतल्या दिशा सपाट कागदावर उभ्या-आडव्या रेघांनी दाखवायची पद्धत) शिकवते तेव्हा ही हकिगत आवर्जून सांगते, आकृतीतल्या रेघांना मग अर्थ येतो.

आता शीर्षकाकडे. दोन ग्लुकोज जवळ आले, एकाचा पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल आणि दुसऱ्याचा चौथ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल यांच्यातून पाण्याचा एक रेणू निघून गेला की मधे एक ऑक्सिजन राहतो. दोन वलयं त्या ऑक्सिजनने जोडली जातात. हा ग्लायकोसिडिक बंध. पाण्याचा रेणू परत घातला की बंध तुटतो, त्याला जलापघटन म्हणायचं. पचन म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत मुख्यतः हेच.

बंध जुळताना पहिल्या कार्बनची दिशा कायमची पक्की होते. मोकळं ग्लुकोज अल्फाचं बीटा होऊ शकत होतं, आता ती सोय संपली. सगळे बंध अल्फा असले तर साखळी प्रत्येक जोडावर थोडी वळते आणि तिची मळसूत्री गुंडाळी होते, दर वेढ्यात साधारण सहा ग्लुकोज. हा अमायलोज, स्टार्चचा सरळ साखळीचा भाग. स्टार्चमध्ये तो बहुतेक वेळा २० ते ३० टक्के असतो. उरलेला अमायलोपेक्टिन, त्यात दर २४ ते ३० ग्लुकोजनंतर पहिल्या आणि सहाव्या कार्बनमधल्या बंधाने फांदी फुटते. गुंडाळ्या सैल असतात, पाणी आत शिरतं, एन्झाइम पोचतं.

सगळे बंध बीटा असले तर? प्रत्येक ग्लुकोज आधीच्याच्या मानाने १८० अंशांत उलटं बसतं आणि साखळी ताठ सरळ राहते. अशा हजारो ग्लुकोजच्या सरळ साखळ्या शेजारी शेजारी बसतात, त्यांच्यात ओळीने हायड्रोजन बंध जुळतात, आणि इतका घट्ट गठ्ठा होतो की पाणीही आत शिरत नाही. हे सेल्युलोज. कापसाच्या तंतूत सुमारे ९० टक्के तेच असतं. लाकडाचा ताठपणाही मुख्यतः त्यामुळेच.

लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेज अल्फा बंध ओळखतं. बीटा बंध त्याच्या पकडीत नीट बसतच नाही. बीटा बंध तोडणारं सेल्युलेज माणसाचं शरीर तयार करत नाही. गाय-बकरी गवतावर जगतात त्याही स्वतःच्या एन्झाइमवर नव्हे, त्यांच्या पहिल्या मोठ्या जठरकप्प्यातले सूक्ष्मजीव हे काम करतात. आपल्या मोठ्या आतड्यातले जीवाणूही काही तंतुमय कर्बोदकं आंबवतात आणि त्यातून छोटी मेदाम्लं तयार होतात, पण शुद्ध सेल्युलोजचा मोठा भाग जसाच्या तसा बाहेर पडतो.

एक ग्लुकोज, एका बंधाची दिशा, आणि त्यातून एक अन्न होतं, दुसरं लाकूड. इतकी वर्षं शिकवूनही मला याचं नवल वाटायचं थांबलेलं नाही.

निशिगंध_

शरीर ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं असं वाचलंय. सुटं ग्लुकोजच का साठवत नाही? वापरायला तेच सोपं नाही का?

परीक्षानळी

@निशिगंध_, परासरण दाबामुळे. तो दाब कणांच्या संख्येवर ठरतो, त्यांच्या आकारावर नाही. तेवढंच ग्लुकोज सुटं ठेवलं तर पेशीत पाणी घुसून ती फुगेल. हजारो ग्लुकोज एका रेणूत बांधले की कण एकच उरतो. ग्लायकोजेनची रचना अमायलोपेक्टिनसारखीच, पण फांद्या जास्त दाट, दर ८ ते १२ ग्लुकोजनंतर एक. ग्लुकोज सुटतं ते फांद्यांच्या टोकांकडून, म्हणून टोकं जितकी जास्त तितकं ते पटकन मोकळं होतं. कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्याला ग्लायकोजेन कसं तुटतं याच्या शोधासाठी १९४७ चं नोबेल मिळालं.

सांजवात

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. वर 'उघडी साखळी एक टक्क्याहूनही खूप कमी' असं आलंय, त्यावरून एक भर घालते, कारण आमची रोजची एक चाचणी नेमकी त्याच उघड्या साखळीवर उभी आहे.

वलय उघडलं की अल्डिहाइड गट मोकळा होतो, आणि तो प्रथिनांच्या अमिनो गटाशी जोडला जातो. एन्झाइम लागत नाही, आपोआप आणि हळूहळू होतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनवर असं बसलेलं ग्लुकोज म्हणजे एचबीए१सी. सुरुवातीचा बंध सुटू शकतो, पण नंतर त्याची अंतर्गत फेररचना होते आणि तो पक्का होतो. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून या आकड्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. चाचणीच्या आदल्या दिवशी कडक पथ्य केलं तरी हा आकडा बदलत नाही.

एक सूचना कळकळीने करते. ज्यांच्या लाल पेशी काही आजारामुळे लवकर नष्ट होतात किंवा ज्यांना नुकतंच रक्त चढवलंय, त्यांच्यात हा आकडा फसवा येऊ शकतो. अशी माहिती डॉक्टरांना आणि लॅबला आधी जरूर द्या.

अर्धविराम

@सांजवात, उत्तम प्रतिसाद. ग्लुकोजच जवळजवळ सगळ्या सजीवांचं मुख्य इंधन का झालं, याचं एक स्पष्टीकरणही याच्याशी जोडलेलं आहे. ते बहुतांश वलयात मिटलेलं राहतं, त्यामुळे इतर अनेक शर्करांच्या मानाने प्रथिनांना कमी चिकटतं.

कासवचाल

मग एक थेट प्रश्न. फळांतली आणि मधातली साखर नैसर्गिक म्हणून चांगली, आणि पांढरी साखर रसायन म्हणून वाईट, हे रसायनशास्त्राला मान्य आहे का? आमच्याकडे यावरून नेहमी वाद होतो.

परीक्षानळी

@कासवचाल, रेणूच्या पातळीवर अजिबात मान्य नाही. पांढरी साखर म्हणजे सुक्रोज, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज जोडून झालेला रेणू. ती उसातून काढा की बीटातून, रेणू तोच. मार्गग्राफ यांनी १७४७ मध्ये बीटातून साखर वेगळी करून नेमकं हेच दाखवलं होतं. मधात मधमाश्यांच्या एन्झाइमने फुलांच्या रसातलं सुक्रोज आधीच तोडलेलं असतं, म्हणून त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बरेचसे सुटे असतात. आपल्या लहान आतड्यात सुक्रोजचंही तेच होतं. शोषलं जातं तेव्हा ग्लुकोज कुठून आलं याची कोणतीही खूण त्याच्यावर नसते.

निशिगंध_

पण मग अख्खं फळ आणि साखरेचं सरबत सारखंच का? ते पटत नाही.

परीक्षानळी

@निशिगंध_, नाही, सारखं नाही, आणि तुमचा आक्षेप योग्य आहे. फरक रेणूत नाही, तो कशात अडकलाय यात आहे. फळात साखर पेशींच्या आत असते, पेशींभोवती सेल्युलोज आणि पेक्टिनच्या भिंती असतात, त्यामुळे ती हळू सुटते आणि पोटही लवकर भरतं. फळाचा रस काढून चोथा टाकला की हा फायदा बराचसा जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात मध आणि फळांचा रस यांतली साखर 'मुक्त शर्करा' म्हणून पांढऱ्या साखरेसोबतच धरली आहे आणि अशी साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवायला सांगितलं आहे. अख्ख्या फळातली साखर त्यात मोजलेली नाही. म्हणून घरातल्या वादात 'नैसर्गिक की रासायनिक' हा प्रश्नच बाजूला ठेवा आणि 'मोकळी की पेशीत बांधलेली' असा विचारा.

चिमणपाखरू

मी अकरावीत आहे. प्रात्यक्षिकात सुक्रोजने फेहलिंग चाचणी दिली नाही, निळं द्रावण निळंच राहिलं. ग्लुकोजने लाल साका दिला. पण फ्रुक्टोजनेही दिला! त्यात तर अल्डिहाइड नाही. आणि सुक्रोजमध्ये ग्लुकोज असूनही ते का देत नाही? ताई, समजावून सांगाल का?

परीक्षानळी

@चिमणपाखरू, प्रश्न अगदी नेमके आहेत, एकेक घेऊ.

फेहलिंग द्रावणातल्या तांब्याच्या आयनांमुळे निळा रंग असतो. मोकळा अल्डिहाइड गट त्यांना इलेक्ट्रॉन देतो, तांब्याचं क्युप्रस ऑक्साइड होतं आणि विटकरी लाल साका बसतो. ग्लुकोजमध्ये उघडी साखळी अगदी थोडी असली तरी ती वापरली गेली की आणखी वलयं उघडतात, असं करत सगळं ग्लुकोज हळूहळू कामी येतं.

फ्रुक्टोजमध्ये कीटोन आहे हे बरोबर. पण फेहलिंग द्रावण अल्कधर्मी असतं, आणि अल्कलीत फ्रुक्टोजमधला कीटोन दोन कार्बनांमध्ये हायड्रोजनची जागा बदलून अल्डिहाइड होतो. म्हणजे परीक्षानळीतच काही फ्रुक्टोजचं ग्लुकोज आणि मॅनोज बनतं. त्यामुळे चाचणी येते.

सुक्रोजमध्ये ग्लुकोजचा पहिला कार्बन आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन, म्हणजे वलय जिथून उघडू शकतं त्याच दोन्ही जागा, एकमेकांना बांधलेल्या असतात. दोन्हींपैकी एकही वलय उघडत नाही. माल्टोज (दोन ग्लुकोज) आणि लॅक्टोज (गॅलॅक्टोज आणि ग्लुकोज) यांत एका ग्लुकोजचा पहिला कार्बन मोकळा राहतो, म्हणून ते दोन्ही चाचणी देतात. करून पाहा.

चिमणपाखरू

समजलं! म्हणजे सुक्रोज आधी तोडलं तर चाचणी येईल?

परीक्षानळी

@चिमणपाखरू, हो. सुक्रोजच्या द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थोडे थेंब घालून काही मिनिटं गरम पाण्यात ठेव. पण नंतर सोडियम बायकार्बोनेट घालून आम्ल उदासीन करायला विसरू नकोस. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत थोडं थोडं घाल. आम्ल उरलं तर फेहलिंगचा अल्कधर्मीपणा जातो आणि चाचणी चुकून नकारार्थी येते. सोबत न तोडलेल्या सुक्रोजची एक नळी तुलनेसाठी ठेव. चष्मा घाल, आणि हे शिक्षकांच्या देखरेखीखालीच कर.

भिंगरी

जाता जाता एक. स्टार्चवर आयोडीन टाकलं की निळाजांभळा रंग येतो, तो गरम केल्यावर जातो आणि गार केल्यावर परत येतो. हे त्या गुंडाळीमुळेच का?

परीक्षानळी

@भिंगरी, हो, त्यामुळेच. आयोडीन अमायलोजच्या गुंडाळीच्या आत ओळीने बसतं आणि त्या अवस्थेत प्रकाश वेगळ्या तऱ्हेने शोषतं, म्हणून गडद निळा रंग. गरम केल्यावर गुंडाळी सैल होते, आयोडीन बाहेर पडतं. गार झाल्यावर ते परत आत जातं. फार वेळ उकळलं तर आयोडीन वाफ होऊन उडून जातं, मग रंग परतत नाही. ग्लायकोजेनच्या दाट फांद्यांत लांब गुंडाळी होतच नाही, त्यामुळे तिथे लालसर तपकिरी रंग येतो. सेल्युलोजची साखळी तर सरळच, नुसत्या आयोडीनने तिला निळा रंग येत नाही.